सूट नको, तारीख बदलून द्या

फोंडाघाट, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग

प्रति,
भारतीय परिचर्या परिषद आणि नव्या कायद्यातला राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग, नवी दिल्ली;
महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई;
महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, मुंबई;
आणि नर्सिंगच्या शाळा चालवणारे सगळे संस्थाचालक व प्राचार्य



दुपारी दोन ते चार मी डाव्या कुशीवर पडून असते. डॉक्टरांनी तसे बजावले आहे, आणि नसते बजावले तरी मला ते पाठ आहे. तपासणीला आलेल्या किती बायकांना मी हे ऐकवले असेल! दुपारी दोन तास आराम, रात्री आठ तास झोप, जड उचलायचे नाही, फार वेळ उभे राहायचे नाही. हे सांगताना मी स्वतः उभी असायची, सकाळी आठपासून. पोटात सातवा महिना होता.

आज चार वाजायच्या आधीच उठून बसले आणि हे पत्र लिहायला घेतले. बाहेर पाऊस धरून आहे. घाटात कुठे दरड आली की काय, अशी आईची रोजची काळजी. तशी आता मला घाट चढून कुठे जायचे नाही, पण तिला सवय लागली आहे.

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, घाटावरच्या एका खाजगी शाळेत. शाळेचे नाव लिहीत नाही. एकीचे नाव लिहिले की बाकीच्या सुटकेचा निःश्वास टाकतात, हे एक कारण. दुसरे कारण जास्त खरे आहे: माझा डिप्लोमा अजून तिथूनच यायचा आहे. यायचा असेल तर.

गेल्या महिन्यात शाळेच्या ऑफिसचे पत्र आले. माझी प्रात्यक्षिकाची हजेरी ७१ टक्के भरते, सबब यंदा परीक्षेला बसता येणार नाही, पुढच्या तुकडीबरोबर यावे, फीबाबत ऑफिसशी संपर्क साधावा. खाली शिक्का. कारणाच्या जागी ‘अनुपस्थिती’ एवढेच. मी गरोदर आहे हे त्या कागदावर कुठेही नाही. पत्र वाचून आई म्हणाली, “काजीच्या फॅक्टरीत सुद्धा पोटाशी आसलेल्या बाईक बसाक स्टूल देतत.” ती बारा वर्षे काजू फोडते आहे. टरफलाच्या चिकाने तिची बोटे काळी झाली आहेत. माझी फी त्या बोटांनी भरली, त्यामुळे तिच्यासमोर मला काही बोलता आले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे: आपण नर्स व्हायचे का? तो प्रश्न तुम्हाला सांगण्यासारखा आहे, कारण त्यातला निम्मा तुम्ही घातलेला आहे.

नियमाबद्दल आधी बोलते, म्हणजे मी रडगाणे गाते आहे असा समज व्हायला नको. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा की परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी हवी, आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरलेली हवी. मला हा नियम मान्य आहे. जिने वॉर्डात तास भरलेले नाहीत अशा नर्सने माझ्या शिरेत सुई घातलेली मला चालणार नाही; दुसऱ्या कुणाच्या शिरेत मी घालावी असेही मला वाटत नाही. पण या नियमाकडे जरा नीट बघा. ८० आणि १०० यांच्या मधले २० टक्के नंतर भरता येतात, हे तुम्हीच लिहून ठेवले आहे. म्हणजे राहिलेले तास पुढे भरून काढणे ही कल्पना तुम्हाला परकी नाही. ती फक्त ७९ टक्क्यांवर येऊन थांबते. एखादीचे बाळंतपण ७९ वर थांबत नाही.

“शिकताना दिवस जाऊच कसे दिले?” हे मला तीन जणांनी तोंडावर विचारले. त्यांपैकी दोघी बायका होत्या. त्यांना उत्तर दिले नाही, तुम्हाला देते. जीएनएमच्या प्रवेशाला तुम्ही वयाची अट १७ ते ३५ अशी ठेवली आहे. पस्तिशीपर्यंतच्या बायका तुम्ही वर्गात घेता. मग त्यांना लग्न, दिवस, बाळंतपण यातले काही होणारच नाही असे धरून नियम कसे चालतील? माझे लग्न दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत झाले. सासर देवगड तालुक्यात. नवरा हंगामात आंब्याच्या बागेत असतो, एरवी टेम्पो चालवतो. मूल एवढ्या लवकर हवे होते असे नाही. झाले. मला त्याची लाज वाटत नाही, पण पहिले चार महिने मी ते लपवले, हे मात्र खरे आहे.

ती माझी चूक, आणि ती इथे कबूल करते. कळले तर होस्टेल सोडायला लावतील अशी मुलींत कुजबुज होती. त्या भीतीने मी गप्प राहिले. वॉर्डात पोर्टेबल एक्स-रेचे मशीन आले की बाकीच्या बाजूला व्हायच्या आणि मी पेशंटचा खांदा धरून उभी राहायची, कारण ‘तू का बाजूला झालीस’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एकदा नव्हे, दोनदा. त्यानंतर सोनोग्राफीच्या टेबलावर पडून ठोके ऐकू येईपर्यंतची मिनिटे मी कशी काढली ते मला माहीत. ठोके नीट होते. पण किरणांपासून गर्भाला जपायचे असते हा धडा मी पहिल्या वर्षाला लिहिला होता, त्यावर मार्कही मिळाले होते.

पाचव्या महिन्यात सांगितले. ट्यूटर मॅडम म्हणाल्या, “बघू.” सहाव्या महिन्यात क्षयाच्या वॉर्डात पोस्टिंग लागले. तिथे स्टाफ कमी होता. बदलून मागितले तर उत्तर आले, नियम सगळ्यांना सारखा. म्हणजे शिकायला म्हणून मला तिथे पाठवलेच नव्हते. दोन सिस्टर रजेवर होत्या, त्यांची जागा भरायला मी हवी होते. परिषदेचे निकष सांगतात, शिकाऊ रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. मी ज्या रात्री एकटी उभी होते तिथल्या खाटा मोजल्या तर तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून आकडा लिहीत नाही. प्रत्येक शाळेची ही गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. पण नर्सिंगची मुलगी नुसती शिकत नाही, ती वॉर्ड चालवते, हे तुमच्यापैकी जे कधी वॉर्डात उभे राहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. ड्युटी लावताना आम्ही स्टाफ. रजेचा अर्ज घेऊन गेलो की विद्यार्थिनी.

हा फरक माझ्या पोटावर कसा पडतो ते सांगते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने लिहून ठेवले की बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायचे नाही. बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांच्याही अगोदरचा जो महिना, त्यात तिने मागणी केली तर कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, हेसुद्धा त्यात होते. ‘फार वेळ उभे राहणे’ असे शब्द कायद्यात असतील हे मला माहीत नव्हते. वाचले तेव्हा पाय आपोआप बघितले गेले, पोटऱ्यांवर शिरा निळ्या उठल्या होत्या. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी, हेही त्यातच. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या, हजेरीपटावरच्या बायकांनासुद्धा हा लाभ द्या असे सांगितले. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाईपर्यंत कायदा पोचला. प्रसूतीच्या टेबलाशी उभी असलेली मुलगी तेवढी राहिली, कारण ती नोकरीत नाही.

बरे, नोकरीत नाही तर विद्यार्थिनी म्हणून तरी? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्या बायकांना २४० दिवस दिले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच आयोगाने विद्यापीठांना लिहिले की पदवीच्या आणि पदव्युत्तर मुलींनाही प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत मिळेल असे नियम करा. छान. पण माझा जीएनएम हा डिप्लोमा. तो विद्यापीठाचा नाही, मंडळाचा आहे. म्हणजे ज्या बाईचे काम टेबलाशी बसून वाचण्याचे, तिला आठ महिने, आणि जिचे काम रात्री दोन वाजता स्ट्रेचर ढकलण्याचे, तिला ‘पुढच्या तुकडीबरोबर यावे’. पीएच.डी. करणाऱ्या ताईंवर माझा राग नाही. त्यांना मिळाले ते बरोबरच मिळाले.

केरळने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या अठरा वर्षांवरच्या मुलींना साठ दिवसांपर्यंत प्रसूती रजा दिली. जगभर नर्स पाठवणारे राज्य ते. त्यांनी हिशेब करूनच दिली असणार.

आता लेबर रूममधल्या एका रात्रीबद्दल. हे लिहू की नको असे दोन दिवस चालले होते.

तिसऱ्या वर्षाला आमची लेबर रूमची पोस्टिंग असते. केसबुकात प्रत्येक प्रसूती लिहायची, सही घ्यायची. मला हे काम आवडते. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कुठे आहे ते बोटांना कळते, तेव्हा होणारा आनंद मला दुसऱ्या कुठल्याच वॉर्डात झाला नाही. आठव्या महिन्यात मी तिथे होते. ॲप्रनची बटणे लागत नव्हती, युनिफॉर्मची शिवण फोंडाघाटच्या बाजारातल्या शिंप्याने दोनदा उसवून दिली होती, तिसऱ्यांदा म्हणाला, “आता कापडच उरूक नाय.” राधानगरीकडची एक बाई कळा देत होती. कळ ओसरली की माझ्या पोटाकडे बघायची. शेवटी म्हणाली, “सिस्टर, कितवा म्हैना?” मी म्हटले, आठवा. “मग माझ्याआधी तुमीच झोपा की टेबलावर!” आम्ही दोघी हसलो. पुढच्या कळेला तिने माझे मनगट असे धरले की दुसऱ्या दिवशी वळ होता. मुलगी झाली, २ किलो ८०० ग्रॅम. केसबुकात अकरावी नोंद.

त्याच रात्री तीन वाजता दुसरी बाळंतीण. बाळ नीट आले, वारही आली, आणि मग रक्त थांबेना. इनचार्ज सिस्टर पोट चोळत होत्या, ऑक्सिटोसिन चालू, दोन्ही हातांना सलाइन, मला ओरडून सांगितले, रक्ताचा फॉर्म घेऊन पळ. मी पळाले नाही. एक क्षणभर मी तशीच उभी राहिले आणि माझा हात माझ्या पोटावर गेला. समोर एक बाई पांढरी पडत चालली आहे आणि मी माझे सांभाळते आहे. मग पळाले. बाई वाचली, तिसऱ्या दिवशी तिने शिरा खाल्ला, मला एक घास दिला. पण तो एक क्षण माझ्याजवळ राहिला. सकाळी हँडओव्हरनंतर चेंजिंग रूममध्ये मी बसले ती उठेना. हे काम आपले नव्हे, असे मला पहिल्यांदा वाटले ते तिथे.

इनचार्ज सिस्टर आत आल्या. त्यांना मी सांगितले. त्या केसांच्या पिना काढत होत्या, तोंडात एक पिन धरूनच म्हणाल्या, “हात आधी पोटाकडेच जातो. माझाही गेला होता. पेशंटकडे दुसऱ्या क्षणी गेला ना? मग झालं.” आणि त्या आठवड्यापासून माझ्या उरलेल्या नाइट त्यांनी गुपचूप दुसऱ्या मुलींशी बदलून दिल्या. रजिस्टरात कुठेही लिहिले नाही. लिहिले असते तर त्यांनाच जाब द्यावा लागला असता.

म्हणून मी म्हटले की प्रश्नातला निम्माच तुमचा आहे. भीतीचा निम्मा भाग माझा, तो मी सांभाळीन. त्याला सिस्टरचे एक वाक्य पुरले. दुसरा निम्मा वाक्याने जात नाही. माझी एक मैत्रीण गेल्या वर्षी पास झाली. एका खाजगी दवाखान्यात तिला महिन्याला अकरा हजार देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांच्या आतल्या दवाखान्यातही वीस हजारांच्या खाली पगार नको असे सांगितले होते. अकरा हजारांसाठी एक वर्ष पुन्हा, फी पुन्हा, होस्टेल पुन्हा, आणि सहा महिन्यांचे मूल फोंडाघाटला आईकडे. तिने काजूची फॅक्टरी सोडायची. मग फी कुठून? हा हिशेब मी दहा वेळा मांडला. दर वेळी उत्तर ‘सोडून दे’ असेच येते. किती मुली असा हिशेब मांडून गप्प बसत असतील! त्या तुमच्या कागदावर ‘अनुपस्थित’ म्हणून येतात आणि नंतर येतच नाहीत.

माझा एक तर्क आहे. आमच्या शिक्षणाचा साचाच मुळात मूल नसलेल्या बाईसाठी बनला. सिस्टर हा शब्द मठातल्या जोगिणींकडून आला. नाइटिंगेलबाईंच्या लंडनच्या शाळेत १८६० पासून राहून शिकणाऱ्या मुली बहुतेक अविवाहित असत. आपल्याकडे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांनी ससूनमध्ये नर्सिंग शिकायला बायका धाडल्या, तेव्हा त्यांत तरुण विधवा होत्या. त्या काळी ते केवढे धाडस! त्यांच्यामुळे आज मी आहे. पण ज्यांच्यासाठी होस्टेल बांधले, मेट्रन नेमली, हजेरीपत्रक आखले, त्यांना बाळ होणारच नव्हते. म्हणून त्या पत्रकात आमचा रकाना नाही. सैन्याच्या परिचर्या सेवेतल्या एका लेफ्टनंट बाईला १९८८ मध्ये लग्न केले म्हणून काढून टाकले होते. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला साठ लाख रुपये द्यायला लावले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर छत्तीस वर्षे गेली. माझ्याकडे एवढी सवड नाही.

मागणे थोडे आहे. २०२३ च्या नव्या कायद्याने आयोगाची तरतूद केली, म्हणजे नियम नव्याने लिहिले जाणार. त्यात एक कलम घाला. गरोदर विद्यार्थिनीने कळवले की तिच्या भरलेल्या तासांची नोंद तिथे गोठवा. ते तास रद्द धरू नका. बाळंतपणानंतर ती परतली की जिथे सोडले तिथून पुढे मोजा, ८० च्या खाली असली तरी. उरलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा तिला देऊ द्या, तीच प्रश्नपत्रिका, तेच परीक्षक. राहिलेल्या तासांसाठी पुऱ्या वर्षाची फी घेऊ नका. क्षयाचा वॉर्ड, एक्स-रे, कर्करोगाची औषधे भरण्याची जागा, यांतून तिला बाजूला ठेवा, आणि शेवटच्या तिमाहीत नाइट नको. आणि हे ‘बघू’ म्हणून नको, लिहून द्या, म्हणजे एखाद्या भल्या सिस्टरला रजिस्टर चोरून बदलावे लागणार नाही. एक तासही माफ करा असे मी म्हणत नाही. लेबर रूमचे राहिलेले दिवस मी भरीन, नाइटसकट भरीन. सोबत बाळ असेल तर दोनदा पाजायला पंधरा मिनिटे लागतील.

एक खुर्ची पण हवी होती. एसटीत आम्हा बायकांना अर्धे तिकीट आहे, आणि दाजीपूरहून बस घाट उतरायला लागली की माझे पोट बघून कुणी ना कुणी उठून जागा द्यायचेच. एकदा तर स्वतः कंडक्टर उठला. वॉर्डात मात्र पेशंटसमोर बसायचे नाही, हा शिस्तीचा नियम.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. सहा महिने मी त्या दिवशी टेबलाशी उभी राहून इतरांची कार्डे भरली, वजन, बीपी, हिमोग्लोबिन. माझे स्वतःचे कार्ड मी या महिन्यात, इथल्या आरोग्य केंद्रात पहिल्यांदा रांगेत उभी राहून भरून घेतले. टेबलापलीकडे एक नर्सिंगचीच मुलगी होती, पहिल्या की दुसऱ्या वर्षाची. तिने माझे बीपी दोनदा घेतले, कारण पहिल्यांदा कफ उलटा बांधला होता. मी काही बोलले नाही. तिचे तिला कळले, तिने सोडून पुन्हा बांधला.

माझी तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली आहे. सगळे सरळ झाले तर कणकवलीला, नाही तर १०८ मधून गोव्यात बांबोळीला. कुठेही झाले तरी टेबलाशी कुणीतरी विद्यार्थिनी असेलच. तिला मी हरकत घेणार नाही. तिला केस हवी असते, ते मला माहीत आहे. तिच्या केसबुकात माझे नाव, वय, कितवे बाळंतपण आणि बाळाचे वजन लिहिले जाईल, इनचार्ज सिस्टरची सही होईल. घाटावर माझ्या शाळेत त्या दिवशीची हजेरी सकाळी आठला घेतली जाईल.

आपली,
जीएनएम तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी